सोबत

एरंडवण्यात, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
बोकीलबाईंचा वर्ग. शनिवारी साडेदहा ते साडेबारा.
पहिला दिवस फुकट.
पुढचे आठ शनिवार नऊ हजार, एकरकमी,
परत मिळणार नाहीत, असं भिंतीवर दोनदा लिहिलेलं.

मिनाको फॉर्मवर बोट ठेवते : ह्या रकान्यात काय?
सोबत कोण येणार ते, मी सांगते.
तिचा नवरा चाकणला. शनिवारीही लाइन चालू असते.
ती पेन माझ्याकडे सरकवते
आणि मी, तासाला सातशे घेणारी दुभाषी,
वयाच्या बावन्नाव्या वर्षी
पहिल्यांदाच बाळंतपणाच्या कुठल्याशा कागदावर
माझं नाव घालते.

‘हिची आई नाही का येणार?’ बोकीलबाई विचारतात.
पहिल्या खेपेला माहेरी जायचं, ह्याला तिच्या भाषेत शब्द आहे,
सातोगाएरी.
इतका नेमका की मला काही करावंच लागत नाही,
इकडून उचलायचा, तिकडे ठेवायचा.
फक्त विमान आता तिला घेणार नाही
आणि आईच्या गुडघ्यांना विमान झेपणार नाही.
हे मात्र तिने सांगितलं त्याहून थोडक्यात सांगते मी.

सतरंजीवर सहा जोड्या. पाच नवरे अवघडलेले,
एकाचा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला.
मिनाकोच्या पाठीला पाठ लावून मी बसते.
‘श्वास सोडा,’ बाई म्हणतात.
मी भाषांतर करेपर्यंत तिने सोडलेला असतो.
‘कळ आली की कळेलच तुम्हाला.’
इथे मी अडते.
तिच्याकडे कळेला जिन्त्सू म्हणतात,
जिन म्हणजे सैन्याची छावणी, त्सू म्हणजे दुखणं.
तिच्याकडे लढाई, आपल्याकडे उमगणं,
आणि मध्ये मी,
जिला दोन्ही शब्द पाठ आहेत
आणि दोन्ही आलेले नाहीत.

नंतर कोपऱ्यावरच्या स्वीट मार्टात
ती साबुदाणा वडा पंधरा तुकड्यांत खाते, वहीत हिशेब मांडते.
वर्ग नऊ हजार. मी, सोळा तासांची, अकरा हजार दोनशे.
‘तू वर्गापेक्षा महाग आहेस,’ म्हणते आणि हसते,
मग हसण्यावर हात धरते, सवयीने.
नवरा म्हणतो, सगळं फोनवर फुकट दिसतं.
आई म्हणते, आम्ही कुठे गेलो होतो शिकायला.
खालच्या मजल्यावरच्या केतकरकाकू म्हणतात,
ह्या मुली जोरात पैसे घेतात,
पण काकूंच्या सुनेने दोन्ही वेळेला वर्ग केला होता.
‘तुला काय वाटतं?’

दुभाष्याला वाटत नसतं.
करारात तसं वाक्यच आहे, सहावं.
वीस वर्षं मी मोटारीच्या सुट्या भागांबद्दल
काहीही न वाटता बोलत आले.
मी चहात साखर ढवळते. माझ्या चहात साखर नसते.

म्हणते, व्यायाम सोपे आहेत, तुला घरी जमतील.
म्हणते, त्या हिरव्या कुर्त्यातल्या मुलीने
निघताना तुझा नंबर मागितला, मी तुला सांगितलं नाही,
कारण ते मला उद्देशून नव्हतं,
म्हणजे, तुलाच उद्देशून होतं.
असं काहीतरी म्हणते. व्याकरण बिघडतं.

मिनाको वही उलटी करते.
मागच्या पानावर तिने दवाखान्यासाठी शब्द जमवलेत :
पाणी. थांबा. डावीकडे. नको.
बाराव्या ओळीपाशी आकडा आहे, शब्द नाही.
‘फारच दुखलं, तर इथल्या बायका काय म्हणतात?’

आई गं, मी सांगते.
ती लिहून घेते. ‘आई’ तिला माहीत आहे.
‘गं’ म्हणजे?

शेजारच्या टेबलावर कोणीतरी सुटे मागतंय.
मी तीनदा तोंड उघडते.
हे जवळच्या बाईलाच म्हणतात, इतकंच जमतं.
ती मान हलवते, पेन्सिलीने त्या अक्षराभोवती गोल काढते,
आणि वडा संपवून विचारते,
पुढच्या शनिवारी साडेदहा म्हणजे
आपल्याला निघायचं किती वाजता, गं?

चुकीच्या जागी लावलाय.
मी दुरुस्त करत नाही.